राणी कुणी व्हायचं

सिडकोत एन-सहाला पाण्याच्या टाकीमागं एक चार मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर मालनबाई मुलाकडं राहते. ती स्वतः मात्र मुलगाच आपल्याकडं राहतो असं सांगते. दारावरच्या पाटीत पहिलं नाव तिचं आहे आणि ती पाटी तिनं समोर उभं राहून रंगवून घेतलेली आहे.

तिचं माहेर अजिंठ्याच्या बाजूचं. वडील, सांडू त्यांचं नाव, लेण्यांच्या रस्त्यावर टोपलीत चमकते दगड घेऊन बसायचे आणि बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना विकायचे. भावंडांत मालन मधली. अंगात थोरलीचे उतरलेले कपडे आणि कडेवर धाकटा भाऊ, असं तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन शहरात आली. नवरा पुंजाराम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता, भला माणूस, बोलायला कमी. मुलगा प्रणय दहावीला असताना पुंजाराम काविळीनं गेला. मग मालनबाई एका खासगी शाळेत शिपाई म्हणून लागली, ती साठीला टेकेपर्यंत तिथंच राहिली.

शाळेत सगळे तिला मालनमावशी म्हणायचे. घंटा देणं, वर्ग झाडणं, टाकी भरून ठेवणं ही रोजची कामं. पण वर्षातले दोन आठवडे, गॅदरिंगच्या वेळी, तिच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून पत्र्याच्या ट्रंका यायच्या. उघडल्या की डांबरगोळ्यांचा आणि शिळ्या पावडरचा वास सुटायचा. राजे, पऱ्या, वाघ, झाडं, चांदण्या, सगळ्यांना मालनमावशीच तयार करायची. पदराला सेफ्टी पिनांची माळ अडकवून ती विंगेत उभी राहायची. कुणाचा मुकुट घसरायचा, कुणाच्या पंखाची तार टोचायची, कुणा वाघाला ऐनवेळी शू लागायची. पडदा पडला की ती सगळं सामान परत ट्रंकेत भरायची. राणीचा मुकुट मात्र सगळ्यात शेवटी ठेवायची. का, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला कधी विचारलं नाही.

निवृत्त झाली त्याच वर्षी प्रणयला मुलगी झाली. नाव ठेवलं मैत्री. प्रणय शेंद्र्याला कंपनीत, सून मेघा क्रांती चौकाजवळ एका लॅबमध्ये. सहा महिन्यांची पोर मालनबाईच्या ओटीत टाकून मेघा कामावर रुजू झाली आणि तेव्हापासून मैत्री मालनबाईचीच झाली. प्रणय आईला 'माय' म्हणायचा, म्हणून पोरगीपण माय म्हणायला लागली. ज्या दिवशी तिनं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्या दिवशी मालनबाईनं खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना शिरा वाटला.

पोरगी जेवायला फार द्वाड होती. तिला भरवता भरवता मालनबाईनं एक राणी रचली. ही राणी कुठल्या पुस्तकातली नव्हती. ती हिरव्या मखमलीचा झगा घालायची, तिचा मुकुट अजिंठ्याच्या दगडांचा होता, आणि तिनं तोंडातला घास गिळल्याशिवाय दरबार भरत नसे. कुणी खोटं बोललं की राणी त्याला पिंपळाला उलटं टांगायची. मैत्री ऐकायची आणि घास गिळायची. अशी सहा वर्षं गेली.

आणि मग सुलेखाताई आल्या.

सुलेखाताई म्हणजे मेघाची आई. नाशिकला बँकेत होत्या, नवरा लवकर गेलेला, लेक एकुलती एक. निवृत्त झाल्या तेव्हा म्हणाल्या, आता एकटीनं नाशिकला काय करू, आणि ज्योतीनगरला फ्लॅट घेऊन राहायला आल्या. केस मानेपर्यंत कापलेले, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा, स्कूटर स्वतः चालवायच्या. पहिल्या दिवशी आल्या त्या मिठाई घेऊन, जय भीम करून, मालनबाईचे दोन्ही हात हातात धरून म्हणाल्या की ताई, तुम्ही होता म्हणून माझी लेक नोकरी करू शकली. मालनबाईला भरून आलं. विहीणबाई लई गुणाची हाय, असं तिनं शेजारणीला सांगितलंसुद्धा.

पण दर रविवारी स्कूटर येऊ लागली. मैत्री पुढं उभी राहायची, मागं वळून न बघता हात हलवायची आणि संध्याकाळी हातात फुगा, डोक्यात नवी क्लिप आणि तोंडात नवे शब्द घेऊन परत यायची. आजीकडं एसी आहे. आजीनं मला स्केटिंगचे बूट घेतले. आजीला इंग्लिशमधली गोष्ट येते. मालनबाई ऐकून घ्यायची. पण एका रविवारी पोरगी घरात शिरली आणि म्हणाली, "आजी, पाणी दे ना."

मालनबाईनं मागं वळून पाहिलं. दारात सुलेखाताई नव्हत्या, त्या खालूनच गेल्या होत्या.

"कुणाला म्हनलीस?"

"तुला. आजी म्हणते, माय म्हणजे आई. आजीला आजी म्हणायचं असतं."

मालनबाईनं पाणी दिलं. त्या दिवसापासून तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. तिला वाटलं पित्त. तिनं रात्रीचं तिखट बंद केलं, सब्जा भिजवून प्याली, गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. सोमवार ते शनिवार ठीक असायचं. रविवारी स्कूटरचा हॉर्न वाजला की परत उसळायचं. असं कुठलं पित्त वार बघून येतं, हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं. कळल्यावर ती स्वतःवरच चिडली. जन्मभर लोकांची मोठी घरं पाहिली, नव्या साड्या पाहिल्या, आपण कधी कुणावर जळलो नाही, आणि आता या वयात, तेही कुणावर, तर सख्ख्या विहिणीवर. पण चिडून जळजळ थांबत नाही. सुलेखाताईंचे कापलेले केस, त्यांच्या पर्समधला सुगंधी रुमाल, 'मैत्रू' म्हणून हाक मारायची पद्धत, सगळं तिला टोचायला लागलं.

फेब्रुवारीत मैत्रीचा सातवा वाढदिवस आला. मेघानं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं आणि ठरवलं की गच्चीवर परीकथेची पार्टी करायची. येणाऱ्या प्रत्येकानं गोष्टीतलं कुणीतरी होऊन यायचं, लहानांनी आणि मोठ्यांनीसुद्धा. मैत्री परी होणार होती. मेघा जलपरी. प्रणयला शिंगं आणि सुळे लावून राक्षस व्हायचं होतं, आणि त्याला त्याचा एवढा आनंद झाला होता की तो जेवताना गुरगुरून दाखवत होता.

"अन् मी?" मालनबाईनं वाढता वाढता विचारलं.

"माय, तू म्हातारी हो," प्रणय म्हणाला. "गोष्टीत झोपडीत ऱ्हाणारी म्हातारी असतीच की. तुला कपडेसुद्धा बदलायची गरज नाय."

मेघा हसली. वाईट हेतूनं नाही. प्रणयपण वाईट हेतूनं बोलला नव्हता. मालनबाईनं भाकरी ताटात ठेवली आणि आत गेली. ओट्याशी उभं राहून तिनं आपल्या साडीकडं पाहिलं. चांगली साडी होती. स्वच्छ, इस्त्रीची. या साडीत मी म्हातारी दिसते, आणि तेही झोपडीतली.

दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेतून आणताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "राणी कोन होनार हाय गं?"

"आजी," मैत्री म्हणाली. "तिचा ड्रेस पण ठरला. हिरवा आहे, मखमलीचा."

मालनबाई रस्त्यातच थांबली. पोरीनं हात ओढला तरी तिला पुढं पाऊल टाकवेना. हिरव्या मखमलीचा झगा. तिनं रचलेला, घासागणिक तिनं शिवलेला. तो झगा पोरीनं उचलून तिकडं ज्योतीनगरला नेऊन दिला होता.

त्या शनिवारी वाढदिवसाला एक दिवस होता. दुपारी मेघा पोरीला घेऊन केक सांगायला गेली, प्रणय कंपनीत होता. मालनबाईनं कापडी पिशवी घेतली, शेअर रिक्षात बसली आणि गुलमंडीला उतरली. मागच्या गल्लीत सगीराची ड्रेपरी आहे. शाळेच्या ट्रंका याच दुकानातून यायच्या. आधी सगीराचे सासरे दुकान बघायचे, आता सगीरा बघते, शिवणकामही तीच करते. तिनं मालनबाईला लगेच ओळखलं.

"आओ मावशी, कित्ते दिनां के बाद. बसा."

मालनबाई बसली. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली की सुनेसाठी राणीचा ड्रेस पाहिजे. सगीरानं कपाळाला हात लावला. मोठ्या बाईच्या मापाचा राणीचा एकच, आणि तो गेला. ज्योतीनगरच्या एक मॅडम आहेत, छोटे केसवाल्या, त्यांनी खास हिरवा शोधून काढला, मुकुटाला नवे खडे लावायला सांगितले, आणि आज संध्याकाळी न्यायला येणार आहेत. सगीरानं तो आत हँगरला लावलेला दाखवलासुद्धा.

मालनबाईनं पाहिला. गडद हिरवी मखमल, कडेला सोनेरी लेस, बाह्या मनगटापर्यंत. मुकुटाच्या खड्यांवर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता.

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

"त्या माझ्या विहीणबाईच. सुलेखाताई. मी इकडं आलेच हाय तर नेते ना त्यांचा. त्यांची चक्कर वाचंल."

सगीराला संशय यायचं काही कारणच नव्हतं. शाळेतली जुनी ओळख, नाव बरोबर, घरातला कार्यक्रम. तिनं झगा घडी घालून मालनबाईच्या पिशवीत ठेवला, मुकुट वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवला आणि जाताना पाणी पाजलं.

घरी आल्यावर मालनबाईनं दाराला कडी घातली. पिशवी दिवाणात गोधड्यांखाली लपवावी आणि उद्या काय ते बघावं, असा तिचा विचार होता. पण हात मखमलीवर पडला आणि तिथंच राहिला. तिनं साडी सोडली. झगा डोक्यातून आत घेतला. जड होता, थंड होता. मुकुट घातला आणि ती प्रणयच्या खोलीतल्या कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली.

आपण बावळट दिसू असं तिला वाटलं होतं. तशी ती दिसली नाही. उंची होती, खांदे सरळ होते, आयुष्यभर पाण्याच्या बादल्या उचलून मान ताठ झालेली होती. आरशातल्या बाईनं कुणालाही पिंपळाला टांगायचा हुकूम दिला असता, तर तो ऐकला गेला असता. मालनबाईनं हनुवटी जराशी वर केली. मग बाजूनं वळून पाहिलं, तर पाठीमागं झगा उघडाच होता. मागचे हुक तिला लावता येईनात. एक कसाबसा लागला, तो ब्लाउजच्या दोऱ्यात अडकला. दुसऱ्यासाठी हात मागं नेला तर मुकुटाची तार केसांत गुंतली. शेकडो पोरांच्या पाठीला पिना लावणाऱ्या बाईला स्वतःची पाठ पुरेना. ती एक हात डोक्यावर आणि एक पाठीवर अशी अडकलेली असताना दाराची बेल वाजली.

ती हलली नाही. बेल परत वाजली. मग आवाज आला, "मालनताई, मी आहे. दार उघडा."

काढायला जावं तर झगा निघेना, मुकुट निघेना. मालनबाईनं दिवाणावरची गोधडी ओढली, डोक्यावरून घेतली, सगळ्या अंगाभोवती लपेटली आणि दार उघडलं.

सुलेखाताईंचा चेहरा लाल झाला होता. ऊन लागलं होतं की राग होता, ते कळत नव्हतं. त्यांनी गोधडीकडं पाहिलं. फेब्रुवारीची दुपार, वर पंखा चालू. मग त्यांची नजर खाली गेली. गोधडीखालून हात-दीड हात हिरवी मखमल फरशीवर लोळत होती.

सुलेखाताई आत आल्या, सोफ्यावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"पाणी देता का जरा?"

मालनबाई आत गेली. झगा मागून सरसर आला. पाण्याचा तांब्या आणताना गोधडी खांद्यावरून घसरली, ती तिनं तशीच घसरू दिली. आता झाकायचं काय राहिलं होतं? मुकुट एका कानावर कलंडला होता.

सुलेखाताईंनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. संध्याकाळची वाट न बघता त्या दुपारीच सगीराच्या दुकानात गेल्या होत्या, तिथूनच आल्या होत्या. तिथं त्यांनी सगीराला बरंच सुनावलं होतं, सगीरानं नाव सांगितलं तेव्हा त्या थेट इकडं निघाल्या होत्या.

"मला फोन करून मागितला असता," त्या म्हणाल्या.

"मागितला असता तर दिला असता?"

सुलेखाताईंनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "नाही."

"मंग."

"म्हणून काय खोटं बोलून न्यायचा?"

मालनबाईच्या छातीतलं इतके दिवसांचं दबलेलं वर आलं आणि ते तिला आवरलं नाही. तिनं सांगितलं की राणी माझी हाय. हिरवा झगा माझा, मुकुटाचे दगड माझ्या बापाच्या टोपलीतले. पोरीला एक एक घास भरवताना मी ती उभी केली. तुम्ही स्कूटरवर आल्या अन् आयती घेऊन गेल्या. पोरीचं माय म्हनायचं बंद केलं तुम्ही. आता राणीबी घेतली. मला काय ठेवलं, तर झोपडीतली म्हातारी.

सुलेखाताई ऐकत होत्या. राणी कुठून आली हे त्यांना माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मैत्री त्यांच्याकडं आली की राणीचंच बोलायची. राणी अशी, राणी तशी. त्यांना वाटलं होतं शाळेतली काही गोष्ट असेल. पोरीला एवढी आवडते तर आपण तीच व्हावं, म्हणजे ती आपल्याला धरून राहील, असा त्यांनी हिशोब केला होता. हे सांगताना त्यांनी नजर चुकवली नाही. मग मात्र त्यांचा आवाज बदलला.

"सहा वर्षं तुम्हाला मिळाली, मालनताई. तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं. मी तिकडं बँकेत बसून फोनवर फोटो बघायची. एकदा तिला माझ्याकडं मुक्कामाला ठेवलं, तर दिवेलागणीपासून माय पाहिजे म्हणून रडली. एसी लावला, खेळणी दिली. शेवटी मेघाला बोलवावं लागलं. मला एक संध्याकाळ राणी होऊ दिलं असतं, तर तुमचं काय गेलं असतं?"

मालनबाई उभीच होती. पोरगी रडली होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मेघानं पोरगी परत आणली तेव्हा पोट दुखतंय म्हणून आणलं असं सांगितलं होतं. म्हणजे या बाईपण जळतात. माझ्यावर. एसीवाली, स्कूटरवाली, इंग्लिश गोष्टीवाली बाई माझ्यावर जळते. मालनबाईला बरं वाटलं. जितकं वाटायला पाहिजे त्याच्यापेक्षा खूप जास्त बरं वाटलं, आणि ते दिसू नये म्हणून तिनं तोंड खिडकीकडं केलं.

"हूक अडकलाय मागं," ती म्हणाली. "जरा काढा."

सुलेखाताई उठल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी ब्लाउजच्या दोऱ्यातून हूक सोडवला, मग केसांतून मुकुटाची तार एक एक करून सोडवली. बोटं थंड होती आणि त्यांनी एकही केस तुटू दिला नाही. झगा निघाला. मालनबाईनं साडी नेसली, झगा नीट घडी घातला आणि पुढं केला.

सुलेखाताईंनी तो घेतला. नको नको, तुम्हीच घाला, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. दाराशी जाऊन एवढंच म्हणाल्या की मेघाला यातलं काही कळायला नको, आणि जिना उतरून गेल्या.

मालनबाई सोफ्यावर बसली. एका घटकेपूर्वीचं ते बरं वाटणं आता कुठंच नव्हतं. उद्या हिरवी मखमल गच्चीवर फिरणार, पोरगी तिच्या मागं फिरणार, आणि आपण कोपऱ्यात म्हातारी होऊन पोरांना पाणी देणार. ती उठली, चपला घातल्या आणि परत गुलमंडीला गेली.

सगीरा या वेळी आओ म्हणाली नाही. मशीनवरून मान वर न करता तिनं सांगितलं की मावशी, तुम्ही माझ्याशी खोटं बोलल्या आणि ती मॅडम माझ्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मला बोलून गेली. मालनबाईनं हात जोडले. चुकलं, म्हणाली. का केलं तेही सांगितलं, सगळं, गोधडीसकट. ऐकता ऐकता सगीराचं मशीन थांबलं. तिलाही दोन नणंदा होत्या, आणि त्यातल्या एकीवर तिची स्वतःची लेक जीव टाकायची. तिनं चहा मागवला आणि राग तिथंच संपवला. पण ड्रेसचं काय? मोठ्या मापात चेटकीण होती, सिंह होता, एक झाड होतं.

मालनबाईनं कप खाली ठेवला.

"सगीरा, राणीच्या वर कोन असतं?"

"वर? राजा."

"मंग तो दे."

सगीरानं तिच्याकडं पाहिलं, उठली आणि वरच्या फळीवरून गाठोडं काढलं. लाल कोट, त्यावर जरीच्या कलाबतूची नक्षी, मोत्यांच्या माळा, तुरा लावलेली पगडी, लाकडी तलवार आणि डिंकानं चिकटवायची मिशी. कोट खांद्याला बरोबर बसला. पोटावर थोडा घट्ट होता, तो सगीरानं तिथंच उसवून दिला.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर दिव्यांच्या माळा लागल्या. पऱ्या, ससे, बुटके, दोन चेटकिणी, सगळी इमारत जमली. सुलेखाताई आल्या तेव्हा लोक वळून बघायला लागले. हिरव्या झग्यात त्या खरंच राणी दिसत होत्या, मालनबाईनं जिन्याच्या दारामागून पाहिलं आणि तिला ते कबूल करावं लागलं. मैत्री पंख हलवत धावत गेली आणि मखमलीला बिलगली. मालनबाईच्या छातीत परिचयाचं ते उसळलं. मग तिनं मिशी दाबून बसवली, तलवार कमरेला खोचली आणि गच्चीवर पाऊल टाकलं.

पहिल्यांदा कुणी ओळखलंच नाही. राक्षस झालेला प्रणय समोर आला आणि कोण पाहिजे म्हणून विचारायला लागला. मायचा आवाज ऐकला तेव्हा त्याचे सुळे तोंडातून खाली पडले. मेघानं तोंडावर हात ठेवला. आणि मैत्री झग्याला धरून नुसती बघत राहिली, पहिल्यांदा मिशीकडं, मग तलवारीकडं, मग डोळ्यांकडं.

"माय," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. "माय राजा आहे."

पुढचा तासभर राजा कुणा मोठ्याच्या हाती लागला नाही. पोरांनी त्याला गच्चीभर ओढलं. त्यानं दोन चेटकिणींना माफी दिली, एका बुटक्याला सेनापती केलं आणि राक्षसाला गुडघ्यावर बसवलं. राणी खुर्चीवर बसली होती. मैत्री तिच्यासमोर जाऊन म्हणाली, "आजी, उठ. राजा बसल्याशिवाय राणी बसत नाही." सुलेखाताई उठल्या. मालनबाई सावकाश खुर्चीवर बसली, तलवार मांडीवर आडवी ठेवली आणि मग हातानं बसायची खूण केली. सुलेखाताईंनी मिशीकडं पाहिलं. त्या हसल्या नाहीत, पण ओठ दाबून धरले.

केक कापायची वेळ आली. मैत्रीनं तुकडा उचलला आणि वर पाहिलं. एका बाजूला राजा, एका बाजूला राणी, दोघांची तोंडं किंचित उघडलेली. सगळी गच्ची बघत होती. पोरीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि तुकडा राक्षसाच्या तोंडात कोंबला.

जेवणं झाली. पाहुणे पांगायला लागले. पोरगी दमून पेंगायला लागली आणि सवयीनं मालनबाईच्या मांडीवर चढली, पण कोटाची कलाबतू तिच्या गालाला टोचली. तिनं दोनदा डोकं इकडं तिकडं केलं, उतरली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मखमलीत जाऊन झोपली. सुलेखाताईंनी तिच्यावर हात ठेवला. मऊ होती ती मखमल, मालनबाईला माहीत होतं. तिनं आदल्या दिवशीच ती अंगावर घेतली होती. ती बघत राहिली. छातीत जळत होतं आणि ते आता थांबणार नाही, हे तिला समजलं. पण शेजारच्या खुर्चीतही मघाशी तेच जळत होतं, आणि त्या बाई उठून कुठं गेल्या नव्हत्या.

पुढं दोघी मैत्रिणी झाल्या असं काही नाही. रविवारी स्कूटर येते. फक्त माय म्हणू नको असं सुलेखाताई पोरीला आता सांगत नाहीत, आणि खालूनच परत न जाता त्या वर येऊन चहा घेतात. मालनबाई चहा करते, साखर जरा कमीच टाकते.

वाढदिवसाच्या त्या संध्याकाळी मात्र प्रणय खुर्च्या गोळा करत होता, मेघा दिव्यांच्या माळा उतरवत होती, आणि दोघी अजून बसलेल्या होत्या. झोपलेल्या पोरीच्या केसांतून बोटं फिरवत सुलेखाताई हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी राजा मी होणार."

मालनबाईनं मिशीचं एक टोक सुटलं होतं ते परत चिकटवलं.

"बघू की," ती म्हणाली.